लग्नाचा बँड मयताला

मंडळी, टाळ जरा थांबवा. पेटीवाले, तुम्हीसुद्धा! मला आज एक टोचणारा प्रश्न विचारायचाय. घरात सुख आलं, तर ते पाप आहे का? नाही ना? बरोबर! देवानंच धाडलं ते. मग तेच सुख देवानं मांडवात येऊन परत मागितलं, तर? — आता कसे गप्प झालात!

ऐका तर. वसईकडच्या एका गावात सांतान नावाचा केळीचा बागायतदार होता. बायको लवकर गेली. जाताना म्हणाली, "आपल्या जासिंताला बँड लावून सासरी धाडा हां!" एवढीच मागणी. सांताननं ती काळजात जपली.

पोर मोठी झाली, लग्न ठरलं, बँड आला. सांतान मांडवात असा मिरवत होता, जणू नवरदेव तोच! हसू नका. तुमच्याकडची कार्यं मी पाहिलीत — जेवायला मीही होतो!

आदल्या दिवशी दुपारी उंबराचं पाणी निघालं. नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत विहिरीवरून आणायचं, आपला रिवाजच आहे. विहीर शेजारच्या कैतानची. कैतान म्हणजे जासिंताचा धर्मबाप, बाप्तिस्म्याला तिला हातावर घेतलेला. विहिरीपाशी त्याची बायको इसाबेल उभी. हसतेय. पण घराचं दार भरदिवसा बंद!

जासिंता म्हणाली, "काकी, आधी काकांचा आशीर्वाद, मग पाणी."

"झोपलेत गं. ताप आहे. तू पाणी घे."

"मग नुसत्या पाया पडते!" आणि पोरीनं दार ढकललं.

मंडळी, कैतान खाटेवर होता. हातात रोझरीची माळ, तोंडावर पांढरी चादर. सकाळीच गेला होता! चर्चमध्ये निरोप गेला की मयताची घंटा होणार, घंटा झाली की गावातलं लग्नाचं वाजप बंद होणार. म्हणून त्या बाईनं निरोपच पाठवला नव्हता. रडणं गिळून ती विहिरीवर हसत उभी राहिली होती!

"सांतानभाऊ," लेकीमागोमाग आत आलेल्या सांतानपुढे हात जोडून ती म्हणाली, "उद्या लग्न लागू दे, मग घंटा करू. त्यांचीही हीच इच्छा असती. वाजवा तुम्ही."

आता सांगा! सैतान कसा येतो? शिंगं लावून? छे! तो नवरीचा मामा होऊन येतो. मामा कानाशी लागला, "भावजी, ती स्वतःच सांगतेय. एका दिवसानं काय बिघडतं? माझ्या बहिणीला दिलेला शब्द आठवा!"

सांतानपुढे एकीकडे बायकोचा शब्द, दुसरीकडे ती चादर. त्याला वाजवायचं होतं हो! मनापासून वाजवायचं होतं. त्यानं पोरीकडे पाहिलं. जासिंता रडत म्हणाली, "बाबा, मला नको बँड."

मग सांतान ताठ उभा राहिला. "वहिनी, तुम्ही हुंदका दाबायचा आणि मी नाचायचं? असलं सुख माझ्या घशाखाली उतरणार नाही. देवानं दिलं, देवाच्या हवाली करतो. मामा, जा! फादरांना सांगा, घंटा वाजवा!"

घंटा झाली. संध्याकाळी तोच बँड कैतानच्या पुढे स्मशानापर्यंत चालला. सांतान बायकोच्या थडग्याशी थांबला. "शब्द मोडला गं," म्हणाला आणि ढसाढसा रडला. रडणारच! विश्वास ठेवला म्हणून काय काळीज काढून ठेवायचं?

दुसऱ्या दिवशी जासिंता वाजपाशिवाय चर्चला निघाली. दारात इसाबेल, काळं लुगडं नेसलेली. तिनं पोरीच्या कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाली, "हा त्यांच्याकडून." अख्खा गाव रडला, आणि मग अख्खा गाव जेवला! कमी झालं का सुख? सांगा ना!

आणि आता तुमच्याकडे वळतो. नवं घर बांधलंत? मुलगा परदेशी लागला? नातू झाला? आनंद करा, जोरात करा! पण मूठ आवळू नका. रविवारी चर्चमध्ये ख्रिस्तशरीराची भाकर घ्यायला रांगेत येता, तेव्हा हात कसा धरता? उघडा! आवळलेल्या मुठीत फादर तरी प्रभूला कुठे ठेवणार? मग घरी पोचेपर्यंत ती मूठ पुन्हा का मिटते?

दाखवा बघू मला हात. सगळ्यांनी! — तुम्हीसुद्धा, मागच्या बाकावरचे.