सगळं बिश्केकहून

किर्गिझस्तानातल्या कराकोलच्या स्टँडवर मिनीबस अजून भरायची होती. बुरुल मांडीवर गरम नानची पिशवी धरून खिडकीशी बसली होती. पुढच्या बाकावर मधाच्या कारखान्यातली दोघं भांडत होती. एक हिशेब पाहणारी वयस्क बाई, जिला सगळे 'एजे' म्हणजे ताई म्हणत, दुसरा तिथले कॉम्प्युटर सांभाळणारा एर्मेक.

"आज कॉम्प्युटर उघडला तर माझ्या नातवाचा फोटो गायब!"

"गायब नाही, एजे. जुन्या लॉगिनखाली आहे. उद्या आणून देतो."

"आणि प्रिंटर जोडायला गेले, तर म्हणतो परवानगी नाही. माझ्याच टेबलावर मी परकी?"

"आता सगळे कॉम्प्युटर एका सर्व्हरच्या ताब्यात आहेत ना. पासवर्ड, परवानग्या, सगळं एकाच जागेवरून."

"म्हणजे तुझ्या खोलीतून. राजाच झालास की!"

"माझ्या खोलीतून नाही. राजधानीतून, बिश्केकहून."

"मग तू रोज येऊन काय करणार?"

"मालकांनीही काल तेच विचारलं."

बुरुल पिशवी चाळवायची थांबून ऐकू लागली.

"तू काय सांगितलंस?" बाईने विचारलं.

"खरं तेच. काम पुरं झालं, आता इथे माणूस लागणार नाही."

"अरे गाढवा! थोडं बिघडवून तरी ठेवायचंस!"

"तसं करवत नाही, एजे."

"मालक काय म्हणाले?"

"शाबास म्हणाले. महिनाअखेरपर्यंत आहे मी. नंतर अडलं तर बिश्केकला फोन करायचा. लगेच दुरुस्त करतात ते."

"करतील रे. पण ओळख ना देख, त्या माणसांना मी शिव्या कशा देऊ?"