काजळ्या इतक्यात सुधारतोच कसा?

नाही, सुधारला याचं मला वाईट वाटत नाही, सुधारावं माणसानं, पण इतक्यात? अहो, थोडा वेळ घ्यायचा ना!

तुम्हाला सांगतो, हा काजळ्या मी चड्डीत होतो तेव्हापासून वाचतोय. कॉमिकमधला खलनायक हो. काळा डगला, बोट लावील तो दिवा विझणार. शहरंच्या शहरं अंधारात बुडवली त्यानं, आणि तो दीपगृहवाला... ज्यानं याला सख्ख्या भावासारखं घरात घेतलं, त्याचा उभ्या उभ्या दगड केला! आणि परवाच्या शेवटच्या अंकात काय? एक चिमुरडी येते, त्याला फूल देते. पान उलटलं, हा रडतोय. पान उलटलं, हिरो मिठी मारतोय. पान उलटलं... टूथपेस्टची जाहिरात.

मी जाहिरातीच्या मागेसुद्धा बघितलं, म्हटलं काही उरलं असेल. काही नाही! आणि दीपगृहवाला? त्या मिठीच्या चित्रात मागे कोपऱ्यात उभा आहे, दगडच्या दगड. त्याच्याकडे कोणी बघतसुद्धा नाही हो. त्याला विचारायचं नाही, बाबा, तुझं काय?

बायको म्हणते, "अहो, कागदावरचा माणूस तो, त्याच्यापायी जेवण कशाला टाकता?" आता हिला काय सांगू. कागदावरचा म्हणे!

आमच्या घरी काजळ्या मनात वाचायची पद्धतच नव्हती. मोठ्यानं वाचायचा. हिरो मी, काजळ्या दादा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो रिकाम्या बादलीत तोंड घालायचा आणि खर्जात म्हणायचा, "विझव... विझव तो दिवा, पोरा..." बादली अशी घुमायची की माझ्या अंगावर काटा यायचा, आणि आतून आई ओरडायची, "अरे मेल्यांनो, पाणी भरायचंय त्यात!" काजळ्या कधी सुधारला तर काय करायचं, हेही आमचं ठरलं होतं. दादा म्हणायचा, "आधी दीपगृहवाल्याच्या पायाशी बसेल. दगड बोलेपर्यंत उठायचं नाही." हे त्याचे शब्द, माझे नाहीत.

पुढे आम्ही दोघांनी चष्म्याचं दुकान काढलं. पाटी रंगवली, 'बंधू चष्मेवाले'. उद्घाटनाच्या दिवशी फीत बांधलेली, पाहुणे खुर्च्यांवर, आणि दादा म्हणाला, "आलोच." गेला. आलोच म्हणून जो गेला तो थेट परगावी, मोठ्या शोरूममध्ये नोकरीला. पक्की झाली होती म्हणे आधीच. मला सांगायचं धाडस झालं नाही म्हणे. हे मला नंतर मामाकडून कळलं! फीत मी एकट्यानं कापली. एका हातानं फीत धरून दुसऱ्या हातानं कापून बघा कधी.

तेव्हापासून बोलणं बंद. त्याचा फोन येतो तो बायकोला, मुलं कशी आहेत वगैरे. मी तिथेच बसून काच घासत असतो, कान मात्र तिकडे. पाटी अजून तीच आहे. गिऱ्हाईक आलं, डोळे तपासायला बसलं, की पहिला प्रश्न, "दुसरे बंधू दिसत नाहीत?" मी म्हणतो, "खालची ओळ वाचा." आणि अंक आला की एकटा वाचतो. हिरोचं मोठ्यानं वाचतो, काजळ्याचं आलं की गप्प बसतो. एकदा बादलीत तोंड घालून बघितलं मी... नाही येत हो तो आवाज. त्याचाच पाहिजे.

म्हणून म्हणतो, थोडा वेळ घ्यायचा ना! यावं, दाराशी घुटमळावं, आत यायला लाजावं. दगडानं आधी तोंड फिरवावं. मी तर माझं सगळं भाषण पाठ करून ठेवलंय, फितीपासून सुरुवात. दोन-चार अंक तरी सहज चाललं असतं.

तर काल दुपारी दुकानात फोन वाजतो. बायकोचा नाही, माझा. मी उचलला. पलीकडून आधी नुसता श्वास, आणि मग खर्जात, घुमून, "विझव... विझव तो दिवा, पोरा..." या वयात बादलीत तोंड घातलं होतं त्यानं! माझ्या हातातली काच खाली पडली. मग साध्या आवाजात म्हणतो, "वाचलास का रे? कसला घाईघाईत सुधारवला त्याला! दीपगृहवाल्याचं काय?" मी म्हटलं, "तेच ना." मग तो म्हणाला, "रविवारी येऊ?"

आता भाषण काढायचं की नाही? फितीपासून? पाठ होतं हो सगळं! आणि माझ्या तोंडातून काय निघालं... "ये. जेवायलाच ये."

झालं. पान उलटलंसुद्धा नाही. आणि त्या काजळ्याला निदान फूल तरी मिळालं होतं, इथे या दगडाचं भांडण नुसत्या बादलीवर मिटवलं!