अर्ध्या गोळीची आजी

हॅलो? … हो, मीच. बाळ बरं आहे ना गं, आसावरी? … मग हॉस्पिटलमधून आत्ता कसा फोन? मी डबा घेऊन निघतच होते.

… कोण म्हणालं मला काल चक्कर आली? … मुरलीधररावांच्या पोटात काही म्हणून राहत नाही. शेजारी चांगले हो, पण… हो, हो… अगं ऐक ना. बसस्टॉपवर जरा टेकले होते, एवढंच. … नाही, पडले नाही. … बरं, पडले. पण डबा सांडला नाही!

… गोळ्या? घेते की. रोज. … अर्धी. … अगं ओरडतेस काय, वॉर्डात आहेस ना! तीन महिन्यांच्या मोजून आणल्या होत्या पुण्याहून. तुझं लेकरू घाईघाईने आलं, त्याला काचेच्या पेटीत ठेवलं, आपण माझं तिकीट पुढे ढकललं. गोळ्या कुठून वाढणार? मग घेतली सुरी.

… प्रवासाच्या विम्याचं ठाऊक आहे मला. तुझ्या परीक्षितरावांनीच वाचून दाखवलं ना, जुनं दुखणं त्यात बसत नाही. माझं बीपी पंधरा वर्षांचं! … म्हणून तर गप्प बसले. मला दवाखान्यात नेलंत की बिल तुमच्या नावावर, मग तुमच्या व्हिसाला अडचण… नाही येत? कोण म्हणतं? … नर्स? तिला कशाला सांगितलंस?

… काय? इथल्या साध्या डॉक्टरकडे, त्या जीपीकडे, कोणीही नाव घालू शकतं? पाहुणी आली तरी? … तपासायचे पैसेही नाहीत? … मग मी तीन आठवडे गोळ्या कापत काय बसले होते!

… नको, आज नको. … कारण सांगू? डॉक्टर मशीन लावणार, आकडा बघणार, आणि तू मला पहिल्या विमानात बसवणार. ओळखते मी तुला. आणि अजून मी त्याला हातातसुद्धा घेतलेलं नाही गं. नुसती काचेतून बघतेय.

… काय म्हणालीस?

… आज? माझ्या हातात देणार? खरंच?

… हो. … हो गं. तो हातात असतानाच चक्कर आली तर… नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रडू नकोस. चुकलं माझं. तुला सांगायला हवं होतं. … आधी डॉक्टर, मग बाळ. कबूल. … पण परत नाही ना पाठवणार? … बघ हं, शब्द दिलायस.

… परीक्षितराव निघालेसुद्धा न्यायला? … थांब, बांगड्या काढून ठेवते, टोचतील त्याला. साबण लावावा लागेल. … अगं ठेव ना फोन आता, एका हाताने निघत नाहीत या.