टाकीला किती तास उजेड

—नाय नाय, ती निळी-जांभळी लाइट नको, सुदर्शनभाऊ, ती ठेवा आत. मांडवात लावत्यात तसली दिसती ती. साधी पांढरी दाखवा. दोन फुटी टाकी हाय माशांची, तुमच्याच दुकानातनं गेलेली—मंचरला दुसरं दुकान तरी कुठं व्हतं तवा—आमच्या अक्षदानं आईला घेऊन दिली, तिचं लग्न ठरलं त्या साली. म्हणली, आई, मी गेल्यावर घरात काय तरी हलतं-फिरतं पायजे तुला. मी म्हणलं, का गं, मी काय दगुड हाय का, मी हलत नाय घरात? तर मायलेकी एकमेकींकडं बघून हसत सुटल्या. खरंच हाय, मी घरात असायचोच कुठं. बरं ते जाऊ द्या, ह्या पट्टीची किती वॅट म्हणला? बारा? बारानं काय होतंय, राव? आत झाडं हायेत, खरी झाडं, प्लॅस्टिकची नाय. गॅसची नळी-बिळी काय लावलेली नाय, साधंच काम—खाली माती, वर रेती, मासं घाण करतील तेच खत. अंजनानं लावल्यात सगळी, माझ्या मंडळीनं. एक त्ये लांब पातीचं, गवतासारखं, आन एक दगडाला दोऱ्यानं बांधलेलं, जाड पानांचं—हां, अनुबियास का काय ते. ती अनुबाई म्हणायची त्याला. अनुबाईला नवं पान आलं, अनुबाई रुसली. मी जेवता जेवता हूं हूं करायचो. कधी उठून बघितलं नाय.

आता सगळं हिरवंगार झालंय. काचंला असा थर बसतो, मी ब्लेडनं खरवडतो, चार दिवसात परत व्हता तसा. पानांवर काळं काळं केसासारखं आलंय. मासं दिसत नायत. आन मासं दिसलं पायजेत, भाऊ, बाकी काय नाय झालं तरी चालंल मला—काय? आता कुठली लाइट हाय? हसणार नसाल तर सांगतो. शेवंतीचे बल्ब हायेत. अवसरीला आमची शेवंती असती ना शेडमधी, तिला रात्रीची बल्बची माळ लावावी लागती वरनं. उजेड देत राहिलं की तिला वाटतं अजून दिवस मोठाच हाय, मंग ती कळी धरत नाय, नुसती वाढत राहती. आपल्याला फूल पायजे तवा माळ बंद करायची. मला तेवढंच ठावं. म्हणलं झाड ते झाड, मरगळलं की उजेड वाढवायचा. त्यातलेच दोन बल्ब काढून टाकीवर टांगले. शेवाळ आलं तवा वाटलं, आत उजेड पोचत नसंल, अजून दोन टांगले. व्हय व्हय, उलटंच केलं, हे तुमी आत्ता सांगताय. एवढा पंचवीस वर्सं शेती केलेला माणूस, आन दोन फुटाच्या टाकीत हात टेकले.

किती तास चालू असती म्हणजे? असती आपली. सकाळी लागती. दुपारी असती. सांजच्याला पण असतीच. तुमी लई चौकशा करता राव, लाइट विकायची का माझी जबानी घ्यायची? —बंद कधी होती, बंद कधी होती! होत नाय. चोवीस तास चालू असती. झालं? पेशंट हाय घरात म्हणून. अंजनाच. चैतापासनं पडून हाय, उजवं अंग गेलं, वाचा गेली. मान एकाच अंगाला वळती, डाव्या, म्हणून कॉट तशी फिरवून टाकी तिच्या डोळ्यासमोर आणली. दिवसभर ती मासं बघती. दुसरं काय करणार? टीव्ही लावला तर डोळं मिटून घेती. दिवसा साळुबाई असती तिच्यापाशी, तिची चुलत जाऊच ती, अंग पुसती, पेज भरवती, गावातलं सगळं कानावर घालती. सातला मी आलो की ती जाती. मंग मी खुर्चीत बसतो, टाकीला लागूनच खुर्ची हाय, कारण त्याच अंगाचं दिसतं तिला. आणि मंग आमी दोघं आपले.

काय म्हणला? आवाज वळखीचा वाटतोय? वाटंल. शर्यतीच्या घाटात ऐकला असंल. बैलगाड्याच्या शर्यतीला माईक माझ्याकडं असायचा—रामनाथ, अवसरीवाले, हां, तोच. "आली आली आली, बारी आली रं, वाटंतली माणसं बाजूला व्हा"—तोच मी. जुन्नर म्हणू नका, आंबेगाव म्हणू नका, जत्रा असली की मला गाडी यायची न्यायला. चार चार तास बोलायचो, पाणी प्यायला थांबायचो नाय. आता सोडलं. का म्हणजे काय, सोडलं. पोरं आली नवीन, त्यांनी बोलावं. —तुमी व्हता का हो यंदा आमच्या जत्रंला? नव्हता? बरं झालं. नाय, बरं झालं म्हणजे, ऊन लई व्हतं त्या दिवशी.

फायनलच्या बाऱ्या चालल्या व्हत्या, एकामागं एक गाडा सुटत व्हता. मी वर माचाणावर, फोन शर्टाच्या खिशात. फोन आला की माईकमधी ते घर्रर्र होतं ना, सगळ्या घाटाला ऐकू जातं. तिचा फोन. कापला. परत आला. कापला. तिसऱ्यांदा आला तवा मी माईकवरच म्हणलो, मंडळी, घरच्या सरकारचा फोन हाय, सरकारांनी जरा दम धरावा, एवढी बारी झाली की येतोच भाकरी थापायला. लई हसली माणसं. टोप्या उडवल्या. मला पण बरं वाटलं, माणसं हसली की बरं वाटतं त्या कामात. आन फोन बंद करून टाकला. ती न्हाणीच्या दारात पडली व्हती. साळुबाई जत्रंची पुरणपोळी घेऊन गेली चारला, तवा दिसली. शुद्धीवर व्हती, साळुबाई म्हणती, डोळं उघडं व्हतं, फोन हातात. घाट आमच्या घरापासनं लांब नाय, ओढा ओलांडला की आलाच, आन एक भोंगा आमच्याच अंगाला तोंड करून बांधत्यात, दरसाल. घरात बसून सगळं ऐकू येतं, शब्द आन शब्द. म्हणजे तिनं ऐकलंच. हसणं पण ऐकलं असंल. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, इतका उशीर का झाला आणायला. मी म्हणलं, जत्रेमुळं गाडी मिळाली नाय. अक्षदाला पण तेच सांगितलं. तुमाला कशाला सांगत बसलो कुणास ठावं, पट्टी घ्यायला आलो व्हतो.

मला काय होत नाय आता, भाऊ. रडू नाय, काय नाय. लोक म्हणत्यात रामनाथ लई खंबीर. खंबीर कशाचा, आतनं काय हलतच नाय. पानात वाढलं की खातो. शेडमधी गेलो की औषध मारतो. मागं आमच्याकडची डीपी जळली, तीन दिवस लाइट नव्हती, तवा काय ते कळलं मला. टाकीत अंधार झाला, मासं दिसायचं बंद झालं, तर पहिल्या सांजच्याला ती माझ्याकडं बघायला लागली. मेणबत्तीचा उजेड व्हता, तेवढाच. रागानं नाय बघत. रागानं बघितलं असतं तर मी पाय धरले असते. नुसती बघती. आन मला, घाटात चार तास बोलणाऱ्याला, एक शब्द सुचंना. तिसऱ्या दिवशी लाइट आली तसं उठून आधी बल्ब लावले, तेव्हापासनं बंद केले नायत. ती मासं बघती, मी तिच्याकडं न बघता बसतो. चाललंय.

तर सात तास म्हणता? सातच? त्याच्या वर दिला की परत शेवाळ? आन बाकीचा अंधार पायजेच झाडांना—बरं. आन सात तासाच्या वर नाय दिला तर काच साफ राहील? अनुबाई जगंल? मासं दिसतील तिला? महिनाभर लागंल, लागू द्या. ही बारा वॅटचीच द्या मंग. आन त्यो टायमर पण द्या, आपोआप बंद करणारा. माझ्या हातानं बटण बंद व्हायचं नाय, तेवढं मला कळतं. तुमीच लावून द्या त्यातली वेळ, मला त्या बारीक बटणांचं जमत नाय. कुठले सात तास? ...तुमचं बाकीचं गिऱ्हाईक काय करतं? संध्याकाळी लावत्यात. हां. घरी आल्यावर सगळ्यांना बघायला मिळतं म्हणून. बरोबर हाय त्यांचं.

नाय. दुपारी बारा ते सात लावा. व्हय, सातला बंद. मी सातला येतो म्हणून तर सांगतोय. ऐकलं बरोबर तुमी. लावा. —अवं, लावा की, राव. आन खोक्यात घाला सगळं, मला निघायचंय. माझ्या तोंडाकडं काय बघत बसलाय?