शीळ थांबते तिथे

(अॅड्रियाटिक समुद्रातलं एक बेट. सकाळ. छोटी लाकडी होडी. वल्ह्यांवर सोळा वर्षांची विंका. समोर तिचे आजोबा, नोनो.)

विंका : म्हणजे तू मला काहीच सांगणार नाहीस? डावीकडे, उजवीकडे, काही म्हणजे काही?

नोनो : स्नाजी-से.

विंका : झालं, पुन्हा तेच. काल ती पाहुणी जर्मन बाई विचारत होती, तुझे आजोबा दिवसभर हे काय म्हणतात?

नोनो : काय सांगितलंस?

विंका : म्हटलं, 'वाट काढ, तुझी तू.' तिला वाटलं होतं, देवाचं नाव घेतोस. मग म्हटलं, बाई, कचेरीतला कारकून खिडकी लावून घेताना हेच म्हणतो. पाव संपला की आई हेच म्हणते. परीक्षेच्या आदल्या दिवशी गणिताचे मास्तरसुद्धा. तर ती म्हणाली, अरेरे, म्हणजे सगळेच तुम्हाला टाळतात?

नोनो : आणि तू?

विंका : मी हसले. नंतर मात्र वाटलं, बरोबर तर नाही ना बोलली?

नोनो : वल्हव. बोलताना तुझं उजवं वल्हं झोपतं.

विंका : शिमेमामा रविवारी स्प्लिट शहरातून गिऱ्हाईक आणतोय. होडी बघायला.

नोनो : माहितीय. आंधळ्याला होडी कशाला, म्हणतो.

विंका : आंधळा कुठे? अंधुक तर दिसतं तुला.

नोनो : दिसतं ना. तू एक लाल डाग दिसतेस.

विंका : माझा शर्ट हिरवा आहे, नोनो.

नोनो : बघ म्हणजे. शिमेला मी सांगून ठेवलंय. पोरीने मासे धरायची माझी जागा स्वतः शोधली, तर होडी तिची. नाही सापडली तर खुशाल वीक.

विंका : एवढा मोठा समुद्र आणि पाण्याखाली ताटाएवढा तुझा खडक. वर सांगायचं काही नाही. छान.

नोनो : माझ्या बापानेही मला सांगितली नव्हती. ... का थांबलीस?

विंका : आलो.

नोनो : कशावरून?

विंका : घंटाघर बरोबर आपल्या सरूच्या झाडाच्या डोक्यावर आलंय. आणि तिकडे दीपगृह डोंगराच्या नाकाला टेकलंय.

नोनो : कोणी फोडलं हे?

विंका : तूच. मी लहान असताना पुढे लवंडलेली असायचे आणि तू शीळ घालत वल्हवायचास. शीळ थांबली की आधी गावाकडे बघायचास, मग दीपगृहाकडे. मग मीपण बघायचे.

नोनो : मला वाटायचं, तू झोपलेली असतेस.

विंका : तुला बरंच काय काय वाटतं.

नोनो : सरू नीट दिसतोय ना?

विंका : दिसतोय की. नोनाआजीने लावलेला, केवढा उंच झालाय.

नोनो : दोर दे इकडे. शिसं बांधलेला.

विंका : घे. ... लागलं तळाला?

नोनो : गप. बोटांनी ऐकू दे.

विंका : वाळू आहे?

नोनो : दगड. ... पुन्हा दगड. हाच.

विंका : म्हणजे होडी माझी? नोनो, म्हणजे—

नोनो : खाली बस, उलटवशील. आणि खोटारडी आहेस. सरू हिवाळ्यातच पडला, त्या मोठ्या वाऱ्यात.

विंका : कोणी सांगितलं? आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं की तुला—

नोनो : फेब्रुवारीभर चुलीत काय जाळत होतात? तो वास मला ओळखू येणार नाही?

विंका : तुला वाईट वाटेल म्हणून.

नोनो : वाटलं. ऊबही लागली. आता खरं सांग, घंटाघर कशावर आणलंस?

विंका : निळ्या खिडक्यांच्या घरावर. ती जर्मन बाई उतरलीय ना, तिथे. शाळा सुटली की एकटीच यायचे मी. कितीदा तर वाळूच लागली. एकदा दोर अडकून गळही गेला.

नोनो : माझा चांगला गळ? त्यासाठी मी शिमेवर ओरडलो.

विंका : हो. तो म्हणाला, आता मी मासे कशाने धरू, तर त्यालाही म्हणालास, स्नाजी-से.

नोनो : त्याचा अर्थ होता, डोकं खाऊ नकोस.

विंका : आणि मला म्हणतोस तेव्हा?

नोनो : तुला म्हणतो तेव्हा मी होडीतच बसलेला असतो.

विंका : वारा फिरलाय. परतताना तोंडावर येईल. डोंगराच्या आडोशाने घेऊ का? थांब, बोलू नकोस. आडोशानेच घेते.

नोनो : (शीळ घालू लागतो.)

विंका : नोनो, तू शीळ घालतोयस.

नोनो : मग? बघायचं काम आता तुझं.