दम आणि जोर

—नाही, बोलायचं नाही. मास्क लावलाय ना, सगळा श्वास नळीतून मशीनमध्ये जायला हवा. बोललात की आकडे बिघडतात. अंगठा वर म्हणजे ठीक, खाली म्हणजे थांबवा, बास. एवढी वर्षं झाली लग्नाला, पण तुम्ही गप्प आणि मी बोलतेय असं आज पहिल्यांदाच—बरं वाटतंय मला. सुरू करते हं ट्रेडमिल. चाला. समोर बघा, माझ्याकडे नको.

तर काय सांगत होते—दमाच्या या अभ्यासाला पन्नाशीपुढचे पळणारे हवेत म्हणाले आमचे डॉक्टर, आणि मीच तोऱ्यात सांगितलं, आमचे हे आहेत की, दोन वर्षं रोज पहाटे पळतात. दवंडी पिटायचीच तेवढी बाकी ठेवली मी. वेग वाढवते. पळा. हा एरोबिक भाग, म्हणजे दम—ऑक्सिजनवर अंग किती वेळ काम ओढतं ते. रोज पळणाऱ्याची नाडी कशी सावकाश चढते. तुमची—थांबा, छातीवरचं यंत्र सैल नाही ना? नाही. मग आत्ताच एवढी वर कशी? आत्ताशी तर सुरुवात आहे हो! आमचा कारकून, जो जिना दिसला की लिफ्ट शोधतो, त्याचाही दम याहून बरा. मशीन बिघडलंय म्हणावं, तर सकाळी मीच तपासलंय. म्हणजे हा माणूस पळत नाही. अंगठा खाली नका करू, मी अजून काही विचारलेलंच नाही.

बरं, परवाची सायकल घ्या. अ‍ॅनेरोबिक—अर्धा मिनिट जीव खाऊन मारायची ती. तो झाला जोर, श्वास पुरायच्या आत एकदम लावायची ताकद. त्यात तुम्ही तरण्याताठ्या पोरांना मागे टाकलंत. डॉक्टर म्हणाले, हे पळणाऱ्याचे पाय नाहीत, हमालाचे आहेत. मी हसले तेव्हा. दम नाही आणि जोर आहे—म्हणजे रोज काहीतरी जड उचलायचं, जरासं न्यायचं, ठेवायचं. काय उचलता हो? जिमला जाता? जिमला जाणारा माणूस घरी सांगितल्याशिवाय राहतो का! मग बाई? बाईला कोण दोन वर्षं रोज उचलतं—आणि नाडीही जागची हलली नाही. वाटलंच मला.

वेग कमी करते. नुसते चाला आता. चाला, चाला. तुमचे दादा.

बघा, तुम्ही चालताय आणि नाडी पळतेय.

दादांना अर्धांगवायू झाला त्यालाही दोनच वर्षं झाली. जाऊबाई एवढीशी, तिच्याने त्यांना पलंगावरून उठवून न्हाणीघरात नेणं होणार आहे? आणि मी तुम्हाला सांगून ठेवलेलं, त्या घराची पायरी चढलात तर माझ्या घराची चढू नका. आईंच्या आजारपणात चारचौघांत नाही नाही ते बोलले ते मला—विसरणार नाही मी. नाहीच विसरणार. पण म्हणून तुम्ही रोज नळाखाली टी-शर्ट भिजवून घरी यायचं? घामाचा वास नसतो त्याला, धुताना कळायचं मला. म्हणजे, कळायचं असं नाही—मी आपली म्हणायचे, पहाटेची हवा थंड असते, येत नसेल वास. दोन वर्षं म्हणत राहिले.

राग आलाय मला. दादांवरचा वेगळा, तो राहील. हा तुमच्यावरचा आहे—इतकी दगड समजलात मला? आणि एकटे उचलता, या वयात! कंबर धरली म्हणजे तुम्हाला कोण उचलणार? मीच ना?

थांबवते मशीन. नका, मास्क काढू नका अजून. काढलात की काहीतरी बोलाल, आणि मला माझा शब्द आठवेल. त्या घरी मी जाणार नाही, आत्ताच सांगते. उद्या पहाटे मला उठवा फक्त. मी पण पळायला येतेय.

उतरा आता. डोळे पुसायचे तर टॉवेल खुर्चीवर आहे. पुढचे कोण आहेत बाहेर? या, आत या.