रकान्याशेजारची तीन अक्षरं

…आणि वर तो बँकेचा कागद काय म्हणतो, तर मी पैसे काढले. मी? अहो, दुकानात कुपन काढायला वेळ लागला तर मागच्या बाईची तीनदा माफी मागणारी मी, मी निवृत्तीच्या खात्याला हात लावीन? काढले नाहीत हो, हलवले. ह्या खिशातून त्या खिशात. निवृत्तीच्या खात्यातून थेट आरोग्याच्या बचत खात्यात, औषधपाण्यासाठीच्या. सरकारच म्हणतं, खुशाल हलवा, टॅक्स नाही, दंड नाही, फक्त आयुष्यात एकदाच.

तुम्हाला सांगते, हे 'आयुष्यात एकदाच' मला तेव्हाच खटकलं होतं. लग्नाचा झगा विकणारीही हेच म्हणाली होती. पण गेल्या मेमध्ये मेबल झाली, आणि आमचा विमा असा की आधी काही हजार डॉलर आपण भरायचे, मग कंपनीला जाग येणार. हॉस्पिटलच्या बिलाचा लिफाफा मेबलच्या दुपट्यापेक्षा जाड. मी शाळेत शिकवत होते तेव्हाचं निवृत्तीचं खातं होतं, त्यातले पाच हजार त्याच महिन्यात हलवले, बिल भरलं आणि विसरून गेले. म्हणजे, विसरले असं म्हणायचं. मी काय विसरणार? मी बाळ श्वास घेतंय का बघते, मग जाता जाता नवरा घेतोय का तेही बघते…

आता एप्रिल. टॅक्स भरायला बसले. कॉम्प्युटरवर कोपऱ्यात रिफंडचा आकडा हिरवागार, व्हॅनच्या गिअरबॉक्सला पुरून उरेल एवढा. बँकेच्या कागदावरचे आकडे टाकले मात्र, लालभडक. उलट आम्हीच सरकारचं देणं लागतो. मागून कर्टिस, म्हणजे तो श्वास घेणारा नवरा, म्हणाला, "काहीतरी भलतं बटण दाबलंस." नवऱ्यांना हा आत्मविश्वास कुठे मिळतो हो? ह्या माणसाला अजून डिशवॉशरचं बटण सापडलेलं नाही.

सासूबाई आल्या होत्या, डोरीन, ट्यूना माशाचा भाजलेला कॅसरोल घेऊन. "अगं, आमच्या वेळी मुलं व्हायची आणि आम्ही ती घरी आणायचो, संपलं. इतका विचार कोण करतं? आता मेबलला भाऊ हवा बघ."

"नाही जमायचं, आई. सरकारचा नियम आहे. आयुष्यात एकदाच."

चेष्टेत म्हटलं, पण काय चपखल बसलं. त्या चक्क कॅसरोल वाढायला लागल्या. मी ते वाक्य जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी टॅक्सवाल्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. तासभर होल्डवर सॅक्सोफोन. मेबल त्यावर झोपलीसुद्धा. शेवटी एक माणूस आला, आवाज असा शांत की पाद्री व्हायचा राहून गेला असावा. "घाबरू नका, मॅडम. पहिल्या रकान्यात पूर्ण रक्कम. टॅक्स कशावर, त्या रकान्यात शून्य. शेजारी तीन अक्षरं लिहा, एच, एफ, डी. आणि आरोग्याच्या बचत खात्याच्या फॉर्मवर तीच रक्कम दाखवा."

"बास?"

"बास."

"मग बँक आधीच का नाही छापत ती अक्षरं?"

"बँक म्हणते, ते तिचं काम नाही."

शून्य टाकलं, आकडा हिरवा झाला, मी मेबलच्या तळपायाचा मुका घेतला, आणि तेवढ्यात हा पाद्री म्हणतो, "विमा मात्र पैसे हलवल्यापासून वर्षभर, म्हणजे हा मे संपेपर्यंत, हाच ठेवा हं. बदललात तर सगळ्या रकमेवर टॅक्स, वर दहा टक्के दंड."

म्हटलं, छे, आम्ही कुठे बदलतोय.

फोन ठेवला आणि कर्टिस दारातून नाचत आत. बोटींच्या कारखान्यात नोकरी लागली, पगार जास्त, विमा तर स्वप्नातला, आणि तो एक मेपासून. म्हणजे नियमाच्या बरोबर एक महिना आधी.

"जूनपासून जा."

"साहेबाला काय सांगू?"

"सांग, बायकोचं एचएफडी चाललंय."

त्यानं शब्दशः तेच सांगितलं हो. फोनच्या पलीकडून साहेब हळू आवाजात, "बाप रे. तुम्ही जूनमध्येच या. आधी बायकोला जपा." संध्याकाळी त्यांच्या बायकोनं कॅसरोल पाठवला. तोही ट्यूनाचाच.

तर रिफंड वाचला, नोकरी वाचली, आठवडाभराचा स्वयंपाक वाचला. आता मी सुखी व्हायला हरकत काय होती? पण सासूबाई सोफ्यावर, नाकावर चष्मा, हातात नव्या विम्याची पुस्तिका. कधी नाही ते मन लावून वाचतायत.

"अगं," त्या म्हणाल्या, "ह्यात बाळंतपणाला एक पैसा लागत नाही. आणि कितीही वेळा."

मी कर्टिसकडे बघितलं. कर्टिस कॅसरोलकडे.

ह्या रकान्यात कुठली तीन अक्षरं लिहायची, ते काही त्या माणसानं सांगितलं नव्हतं. पुन्हा फोन लावलाय… सॅक्सोफोन चालू आहे.